देहूरोडचा बुद्ध आणि ‘मूकनायक’चा तुकोबा : डॉ. आंबेडकरांवरील प्रभावांचा प्रश्न

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वैचारिक जडणघडणीची चर्चा बहुधा दोन टोकांवर अडकते. एकीकडे कोलंबिया विद्यापीठ आणि जॉन ड्यूई, तर दुसरीकडे कबीरपंथी घराणे, संत व बुद्ध. प्रभाव म्हणजे वारसाहक्काने हाती आलेली मिळकत, हे दोन्हीकडचे गृहीतक मात्र तपासले जात नाही.

निघोजे परिसरात हा प्रश्न केवळ ग्रंथगत राहत नाही. इंद्रायणीकाठी एका बाजूस तुकोबांचे देहू, दुसऱ्या बाजूस ज्ञानदेवांची आळंदी; आणि जवळच्याच देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १९२० च्या ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकारामांचे वचन होते, १९२७ च्या ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वरांचे. त्यावरून त्यांना वारकरी परंपरेचे वारसदार ठरविणे सोपे आहे. परंतु गांधीजींना दिलेल्या उत्तरात त्यांनी संतांनी जातिसंस्थेविरुद्ध मोहीम उघडली नाही, असा स्पष्ट आक्षेप नोंदविला. ईश्वरासमोरील समता त्यांना पुरेशी वाटली नाही. तरीही ‘द अनटचेबल्स’ (१९४८) हा ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. यात विसंगती नाही. संतांची वाणी त्यांनी स्वीकारली, त्यांचा उपाय नाकारला.

खरा वाद १९५४ च्या आकाशवाणी भाषणाचा आहे. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे त्यांनी सांगितले. हे विधान शब्दशः चरित्र म्हणून वाचता येत नाही. कारण १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये आपले गुरू ड्यूई यांचे ऋण त्यांनी उघडपणे मान्य केले आहे. समाजाने भूतकाळातील सारेच पुढे न नेता हितकारक तेवढेच जतन करावे, हा ड्यूईंचा विचार त्यांनी तेथे उद्धृत केला. त्या दृष्टीने बुद्धाची निवड हीच ड्यूईंच्या पद्धतीची कृती ठरते. धार्मिक आणि राजकीय प्रभाव वेगळे काढू पाहणाऱ्यांची अडचण येथेच होते.

पंढरपूरचा विठोबा मूळचा बुद्धच, हे त्यांचे देहूरोड येथील प्रतिपादन इतिहास म्हणून अपुऱ्या पुराव्यावर उभे आहे. परंपरेवर हक्क सांगण्याची रीत म्हणून ते महत्त्वाचे आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ (१९५७) मध्ये तर त्यांनी गृहत्यागाची रूढ कथाच बाजूला सारली. तेथे सिद्धार्थ घर सोडतो तो वृद्ध, रोगी व प्रेत पाहून नव्हे, तर रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत पेटू पाहणाऱ्या युद्धास विरोध केल्यामुळे.