ऱ्होडियम तेच, आधार निराळा

कापसाची शेवटची वेचणी उरकली की पालमच्या शिवारात पऱ्हाट्या उपटल्या जातात. थोड्या चुलीला लागतात, बाकीच्या रानातच पेटवून देतात. याच काड्या बेताची हवा देऊन मोठ्या आचेवर तापवल्या, तर त्यांच्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन निघतो. या जोडीला सिनगॅस म्हणतात. त्यातून अल्कोहोल बनतं हेही नवं नाही. जर्मनीत बीएएसएफनं १९२३ सालीच मिथेनॉलचा कारखाना चालू केला होता. पण त्या दोन वायूंतून मिथेन निघेल, मिथेनॉल निघेल की इथेनॉल, हे ठरवतं कोण? माझ्या वाचनातलं याचं सर्वांत देखणं उत्तर मासारू इचिकावा या जपानी रसायनशास्त्रज्ञाच्या १९७८ च्या शोधनिबंधांत आहे. ते निबंध मी कवितेसारखे सावकाश वाचतो, कारण त्यांचं सौंदर्य त्यांच्या रचनेत आहे.

रचना अशी. धातू एकच, ऱ्होडियम. पण नेहमीचं क्लोराइडचं मीठ इचिकावांनी वापरलं नाही. त्या वाटेनं गेलं की धातूचे कण लहानमोठे होतात आणि क्लोरीनचा अंश मागे राहतो. त्यांनी ऱ्होडियमचे कार्बोनिल समूह घेतले: मधोमध चार किंवा सहा अणूंचा मोजका पुंजका, भोवती कार्बन मोनॉक्साइडचे रेणू. हे समूह द्रावणातून ऑक्साइडच्या भुकटीवर बसवले आणि निर्वातात तापवले. कार्बन मोनॉक्साइड उडून गेला, धातूचे बारीक कण भुकटीवर राहिले. सुरुवात अशी नेटकी बांधल्यावर बदलायला एकच गोष्ट उरली: खालची भुकटी.

आणि तिथं सगळं पालटतं. सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनावर बसलेलं ऱ्होडियम मुख्यतः मिथेनसारखी हायड्रोकार्बनं देतं. झिंक ऑक्साइड किंवा मॅग्नेशियम ऑक्साइडवर बसवलं की मिथेनॉल. टायटॅनिया, झिर्कोनिया आणि लँथॅनम ऑक्साइडवर इथेनॉल! तेही वातावरणाइतक्या दाबाला. मिथेनॉलच्या आजच्या कारखान्यांत ५० ते १०० पट दाब लागतो, हे ध्यानात घेतलं म्हणजे यातलं नवल कळतं. मला यातली सिलिका-अ‍ॅल्युमिनाची ओळ फार मोलाची वाटते. ती गाळली असती, तर इथेनॉलचं सगळं श्रेय ऱ्होडियमच्या खात्यावर गेलं असतं.

असं का होतं, ते रेणूच्या पातळीवर उतरून पाहू. कार्बन आणि ऑक्सिजनचा बंध पार तुटला आणि कार्बनवर हायड्रोजन चढत गेला, तर मिथेन होतो. बंध तुटलाच नाही, तर मिथेनॉल. इथेनॉलची मागणी अवघड आहे: एका रेणूचा बंध तुटायला हवा, शेजारच्याचा शाबूत राहायला हवा, आणि त्या शाबूत रेणूनं तुटलेल्या कार्बनच्या गटाला येऊन चिकटायला हवं. धातूच्या कणाच्या मधल्या भागात हे जुळणं कठीण. ते घडतं बांधावर, जिथं धातूची हद्द संपते आणि ऑक्साइडची सुरू होते. रेणूचं कार्बनचं टोक ऱ्होडियमला धरतं, ऑक्सिजनचं टोक ऑक्साइडातल्या धनभारित धातू-आयनाकडे कलतं. आधारद्रव्य कसं आहे त्यावर हा कल ठरतो, आणि कलावर पुढचा पदार्थ.

त्याच १९७८ सालानं याला दोन जोड दिल्या. अमेरिकेत एक्झॉनच्या टॉस्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की टायटॅनियावरचे मौल्यवान धातू हायड्रोजनमध्ये ५०० अंशांपर्यंत तापवले, तर हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड धरून ठेवण्याची त्यांची ताकद जवळजवळ जाते. म्हणजे आधार मदत करतो तसा गळाही धरतो. दुसरीकडे युनियन कार्बाइडमध्ये मदन भसीन आणि सहकाऱ्यांनी सिलिकावरच्या ऱ्होडियमकडूनच जास्त दाबाखाली दोन कार्बनांची ऑक्सिजनयुक्त संयुगं मिळवली. त्यात लोह मिसळल्यावर अल्कोहोलचा वाटा वाढला. इचिकावांचे निबंध वाचून सिलिका कायमची बाद ठरवणाऱ्यानं हे काम अवश्य पाहावं. दाब बदलला, सोबतीचा धातू बदलला, की आधाराचा कौलही बदलतो. माझ्या मते यामुळे इचिकावांच्या कामाचं तेज कमी होत नाही, त्याची मर्यादा नीट आखली जाते.

अ‍ॅल्युमिनाबद्दल आणखी एक. तिचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो, त्यामुळे तयार अल्कोहोलातलं पाणी ती काढून घेते. मिथेनॉलचं डायमिथाइल ईथर होतं. अल्कोहोल हवं असणाऱ्याला हा तोटा, पण ईथर हवं असेल तर हाच गुण. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मिथेनॉलपासून डायमिथाइल ईथर करण्याचं काम झालेलं आहे.

ऱ्होडियम मात्र अतिशय दुर्मीळ. ते बहुतांशी दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटिनमच्या खाणींतून जोडउत्पादन म्हणून येतं आणि त्यातलं बरंचसं मोटारींच्या धुराड्यांतल्या उत्प्रेरकांत खपतं. पऱ्हाट्यांच्या वायूसाठी ते परवडणार नाही. म्हणून इचिकावांचाच प्रश्न आता तांब्याला आणि कोबाल्टला विचारला जातो. तिथं उत्तरं इतकी स्वच्छ येत नाहीत. अ‍ॅल्युमिनावर कोबाल्ट बसवलं की त्यातलं काही अ‍ॅल्युमिनाशीच संयुग करून बसतं. ते हायड्रोजननं सहजी मोकळं होत नाही आणि तेवढं कोबाल्ट कामाला उरत नाही.