'हेलो' गेममालिकेतील कथन आणि चाहत्यांचे आक्षेप : एक चिकित्सा

चाहत्यांच्या मताला समीक्षाव्यवहारात सहसा स्थान दिले जात नाही. असे मत म्हणजे केवळ व्यक्तिगत आवडनिवड होय, असे गृहीत धरले जाते. 'हेलो' या विज्ञानकथात्मक शूटर गेममालिकेच्या संदर्भात हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक ठरते. या मालिकेविषयी चाहते वारंवार करीत आलेली 'कथा समजत नाही' ही तक्रार वरवर एकच भासत असली, तरी तिच्यात दोन भिन्न आक्षेपांची सरमिसळ झालेली आहे.

बंजी या संस्थेने २००१ मध्ये एक्सबॉक्ससाठी निर्माण केलेल्या पहिल्या गेममध्ये मुळात फारसे काही सांगितलेच जात नाही. शत्रूपासून निसटलेले एक मानवी जहाज अवकाशातील प्रचंड कड्यापाशी येते आणि मास्टर चीफ हा चिलखतधारी सैनिक, कॉर्टाना या कृत्रिम बुद्धीसह, त्यावर उतरतो. सहाव्या टप्प्यात तो दलदलीतील एका वास्तूत शिरतो. आत मृतदेह आहेत, एक भ्रमिष्ट सैनिक आहे; लढाई मात्र जवळजवळ नाही. एका शिरस्त्राणात उरलेले चित्रण तो पाहतो आणि ते संपताच त्यात दिसलेले संकट दारे फोडून त्याच्यावर कोसळते. येथे निवेदकाची गरज उरत नाही. खेळाडूची कृती हेच कथन ठरते. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत यास व्यंजना म्हणता येईल. पूर्वकथा सांगणारी एरिक नायलंड यांची 'द फॉल ऑफ रीच' ही कादंबरी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. परंतु ती न वाचणाऱ्याचे काही अडत नव्हते.

'हेलो २' (२००४) विषयी दोन प्रमुख तक्रारी झाल्या. कथा ऐन रंगात आली असता तुटते, ही एक. चीफला बाजूला सारून शत्रुपक्षातील आर्बिटर म्हणून खेळावे लागते, ही दुसरी. पहिली आजही ग्राह्य वाटते. दुसरी मात्र कालांतराने विरली. स्वतःच्या धर्मश्रद्धेला तडे जाताना पाहणारा हा पराभूत सेनानी आज अनेक चाहते मालिकेतील श्रेष्ठ पात्रांत गणतात. चाहत्याचे तत्काळ मत अंतिम नसते, हे यावरून दिसते. (अभ्यासकांचेही नसते, हा भाग वेगळा.)

'हेलो : रीच' (२०१०) ने आणखी एक पेच निर्माण केला. नायलंड यांच्या कादंबरीतील घटनाक्रमाशी या गेमचा मेळ बसत नाही, म्हणून कादंबरीचे निष्ठावंत वाचक नाराज झाले. वस्तुतः याच गेमच्या अखेरीस खेळाडूपुढे केवळ 'जगणे' एवढेच उद्दिष्ट उरते आणि ते साध्य होणे शक्यच नसते. पराभव सांगितला जात नाही, तो खेळावा लागतो. तपशिलांची विसंगती हा हिशेबाचा प्रश्न आहे. अनुभव नाकारला जाणे हा कलेचा प्रश्न आहे. या दोहोंची गल्लत चाहत्यांनी केली, तशी निर्मात्यांनीही केली.

पुढे मालिका ३४३ इंडस्ट्रीज या संस्थेकडे गेल्यावर हिशेबच वरचढ झाला. 'हेलो ४' (२०१२) मधील डायडॅक्ट या खलपात्राची पार्श्वभूमी ग्रेग बेअर यांच्या कादंबरीत्रयीत विस्ताराने येते, तर त्याची पुढील कथा चित्रकथेत. 'हेलो ५' (२०१५) च्या जाहिरातींनी चीफ आणि लॉक यांच्यातील संघर्षाची अपेक्षा जागवली. प्रत्यक्षात तो नाममात्र आहे; पंधरापैकी अवघ्या तीन टप्प्यांत चीफ म्हणून खेळता येते. पहिल्या गेममधील मौन अर्थाला वाट करून देत होते, येथील मौन दुसरे पुस्तक विकत घ्यावयास लावते. अनुक्त आणि वगळलेले यांतील हा भेद चाहत्यांनी शास्त्रीय परिभाषेवाचून नेमका ओळखला, आणि म्हणूनच त्यांचा रोष समीक्षेच्या कक्षेत येतो.

'हेलो इन्फिनिट' (२०२१) मध्ये तो अधिक तीव्र झाला. मागील गेममध्ये विरोधी पक्षात गेलेली कॉर्टाना, जिच्याभोवती दोन दशके मालिकेची भावनिक बाजू गुंफली गेली, ती येथे कथेच्या आधीच, पडद्याआड संपलेली आहे. तिचा शेवट स्मृतींच्या तुकड्यांतून कळतो. पहिल्या गेममध्ये चित्रण संपताच दार फुटले होते. येथे स्मृतीचा तुकडा विझतो आणि चीफ पुढील मोहिमेस निघतो.