उसन्या ठेक्याचे ऋण

डाफ्ट पंक या पॅरिसच्या जोडीवर दोन आक्षेप घेतले जातात. ‘होमवर्क’मधला (१९९७) क्लबचा खरखरीत ठेका तिने ‘डिस्कव्हरी’त (२००१) गोड चालींसाठी सोडला, हा पहिला. दुसऱ्यांच्या तबकड्यांचे तुकडे जोडून तिने नाव कमावले, हा दुसरा.

पहिला आक्षेप टिकत नाही. हाउस संगीत शिकागोत डिस्कोच्याच पोटी जन्मले. वेअरहाउस क्लबात फ्रँकी नकल्स डिस्कोच्याही तबकड्या वाजवत. ‘वन मोअर टाइम’ गाणारा रोमँथनीही हाउसच्याच घरातला. तेव्हा चाल आणि गळा परत आणणे ही तडजोड नव्हे, घरवापसी होती. नृत्यसंगीताकडे न फिरकणारा श्रोताही इथेच वळला.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. तुकडा उचलणे म्हणजे चोरी नव्हे: ‘हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर’मध्ये एडविन बर्डसाँगच्या १९७९च्या गाण्यातला तुकडा कापून, फिरवून नवीच रचना उभी राहते. प्रश्न श्रेयाचा आहे. ‘होमवर्क’मधल्या ‘टीचर्स’मध्ये ही जोडी आपल्या गुरूंची नावे ठेक्यावर घेते, त्यांत शिकागोचे डीजे बरेच. पण ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’साठी (२०१३) सन्मानाने बोलावणे गेले ते नाइल रॉजर्स, जॉर्जिओ मोरोडर अशा डिस्कोच्या नामवंतांना. त्याला २०१४मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले.

ऋण मान्य करण्याचा मोठेपणा या जोडीकडे होता, हे निर्विवाद. मात्र शिकागोचा ठेका जगभर पोहोचला आणि त्याचे धनी नावांच्या यादीतच राहिले. तिच्या लोकप्रियतेचे मोल करताना हा हिशेब मांडायलाच हवा.