अवतरणातून गळालेला प्रश्न

आपल्या वैचारिक लेखनात अवतरणाला मोठा मान आहे. ज्या समाजाचे बोलणे शतकानुशतके कोणी लिहून ठेवले नाही, त्याला छापील शब्दाचा आधार मोलाचा वाटावा, हे साहजिकच आहे. परंतु कागदातून चार ओळी उचलून दिल्या की पुरावा झाला, अशी एक समजूत आमच्या लेखक-वक्त्यांत रुजली आहे. माझा आक्षेप या समजुतीला आहे. शब्द जसेच्या तसे उतरवूनही अवतरण खोटे ठरू शकते.

23 ऑक्टोबर 1928 रोजी पुण्यात सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांची साक्ष झाली. शासनाने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात ती प्रश्नोत्तरांसह छापलेली आहे. प्रौढ मताधिकार मिळणार असेल तर संयुक्त मतदारसंघात राखीव जागा, आणि तो मिळणार नसेल तर स्वतंत्र मतदारसंघ, अशी त्यांची मागणी होती. यातली अट कापली की एकाच साक्षीतून दोन परस्परविरोधी बाबासाहेब उभे करता येतात. एकाने पहिला अर्धा उचलावा, दुसऱ्याने उरलेला. दोघांचेही पृष्ठांक बरोबर असतात! बाबासाहेबांची मूळ चिंता मात्र दोघांच्याही हाती लागत नाही. ज्याला मतच नाही, त्याने राखीव जागेचे करायचे काय?

येथे निदान प्रश्न छापलेला आहे. दिवाणी कोर्टाच्या कागदात तोही सापडत नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार साक्ष सामान्यतः प्रश्नोत्तराच्या नव्हे, कथनाच्या रूपात लिहून घेतली जाई. वकिलाने विचारलेले आणि साक्षीदाराने नुसते मान हलवून कबूल केलेले, असे दोन्ही मिळून साक्षीदाराचे एक सलग वाक्य होते. त्या वाक्याला अवतरणचिन्हे लावताना हे शब्द नक्की कोणाचे, असे स्वतःला विचारले पाहिजे.

आमच्याच जिल्ह्यातला महाडच्या चवदार तळ्याचा दावा या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. तो 1927 च्या डिसेंबरात दाखल झाला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टात संपला. अस्पृश्य या तळ्यावर पाणी भरीत नव्हते, एवढेच वाक्य उचलले तर सवर्ण वादींची बाजू खरी वाटेल. पण कोर्टापुढचा प्रश्न तेवढा नव्हता. ही मनाई अनादी काळापासूनची रूढी आहे काय, हे ठरवायचे होते. आणि तशी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. अलीकडची वहिवाट वेगळी आणि अनादी रूढी वेगळी. 'केव्हापासून?' या एका शब्दावर तळे मोकळे झाले.

हे आज सांगण्याचे कारण जासई. येथे 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील भूसंपादनविरोधी आंदोलनात, जासई-पागोटे परिसरात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकऱ्यांचे बळी घेतले. त्या काळच्या आठवणी टिपायला आमच्या महाविद्यालयातील मुले आता वह्या घेऊन निघतात. त्यांना मी एकच धोका दाखवतो. समजा, दुसऱ्याच्या शेतात भात कापणाऱ्या, मिठागरावर पाट्या वाहणाऱ्या म्हातारीला विचारले, 'तुमची किती जमीन गेली?' ती म्हणेल, 'कायच नाय.' वहीत उतरेल: नुकसान नाही. तिचा शब्द खरा, अवतरण अचूक, आणि तरीही तिचे बुडालेले पोट नोंदीतून बाद! सातबाऱ्यावर नाव असलेल्यांसाठी केलेला प्रश्न भूमिहीनाला विचारला की असे होते. 1894 च्या भूसंपादन कायद्याची नजर अशीच होती. शेतमजुरालाही बाधित म्हणायला 2013 चा कायदा यावा लागला.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अवतरणाबरोबर प्रश्न द्यावा, अट द्यावी, कोणी आणि कोणत्या भाषेत लिहून घेतले ते सांगावे. बोलीतला शब्द बोलीतच ठेवावा. प्रस्थापितांच्या इतिहासाला आपण पुरावा मागतो. तोच काटेकोरपणा आपल्या लेखनाला लावला नाही, तर ज्यांच्यासाठी आपण लिहितो त्यांचेच तोंड आपल्या हातून बंद होईल.