शब्द कोठे तुटावा?

ग्रंथपरीक्षणात आशय, भाषा आणि शैली यांची चर्चा होते; ओळीच्या शेवटी शब्द कसा तुटला, याकडे मात्र समीक्षक सहसा लक्ष देत नाहीत. आमच्या मते तीही समीक्षेचीच बाब होय. उपासनेत वाचन करणाऱ्यास ओळीअखेर ‘नवजी-’ दिसले आणि ‘वन’ पुढील ओळीत गेले, तर तो अडखळतो. ऐकणाऱ्यांपर्यंत ‘नवजीवन’ पोहोचतच नाही.

नांदेड-लातूरच्या सीमाभागात हा प्रश्न अधिक बिकट होतो. देगलूरकडे तेलुगू, उदगीरकडे कन्नड कानी पडते. उर्दू आणि इंग्रजी आहेतच. एकाच स्मरणिकेत अशा भाषा एकत्र आल्या आणि त्यांची वेगवेगळी नोंद केली नाही, तर संगणक सर्वांना एकच नियम लावतो. वस्तुतः इंग्रजी शब्द वर्णसमूहांवरून तुटतो. त्यासाठी फ्रँक लियांग यांनी १९८३ साली ‘टेक’ प्रणालीकरिता नमुनापद्धती सिद्ध केली. मराठी शब्द दोन अक्षरांच्या मध्येच तुटू शकतो, जोडाक्षर दुभंगता येत नाही. उर्दूत तर शब्द तोडण्याची रूढीच नाही.

युनिकोडपूर्व फाँटमधील मराठी मजकूर यंत्राला रोमन अक्षरेच वाटतो. म्हणूनच पहिली वेलांटी ओळीअखेर एकटी राहते आणि तिचे व्यंजन खाली उतरते. यावर उपाय असा : मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि प्रत्येक उताऱ्याची भाषा स्वतंत्रपणे नोंदवावी. भाषा आणि लिपी एक नव्हेत, हेही ध्यानी असावे. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. शांताराम बंडेलू यांनी ते १९५६ साली देवनागरीत आणले. त्यातील रोमन उतारा इंग्रजी समजून तोडणे अन्यायाचे. तेथे शब्दतोड बंदच ठेवावी.

एवढे करूनही यंत्राला अर्थ कळत नाही. मराठीसाठी सिद्ध झालेले नमुने अक्षरांची सीमा ओळखतात, समासाची नव्हे. त्यांच्या लेखी ‘प्रभु-भोजन’ आणि ‘प्रभुभो-जन’ सारखेच. ‘पुनरुत्थान’मध्ये तर ‘पुनर्’ आणि ‘उत्थान’ एका ‘रु’त मिसळले आहेत, असा शब्द अखंडच ठेवावा. अरुंद स्तंभात उजवी कड सरळ राखण्याचा अट्टहास सोडला, की बहुतेक शब्द तोडावेच लागत नाहीत.

अखेरचे मुद्रितशोधन मोठ्याने वाचूनच व्हावे. जेथे जीभ अडखळेल, तेथे ओळ सुधारावी. कारण कड थोडी वाकडी झाली तरी चालेल, शब्द मोडता कामा नये.