निर्मनुष्य दरीचे सौंदर्य

'शुद्ध निसर्गसौंदर्य' हा शब्दप्रयोग आपल्या समीक्षेत सर्रास होतो. या शुद्धतेची किंमत कोणी मोजली, हे मात्र विचारले जात नाही. अमेरिकेतील दोन प्रसिद्ध छायाचित्रांपुढे मला हा प्रश्न टाळता येत नाही.

ॲरिझोनातील कॅन्यन डी शे ही तांबड्या खडकांची खोल दरी. तिच्या कड्याच्या कपारीत प्राचीन प्युब्लो लोकांच्या 'व्हाइट हाउस' या वास्तूचे अवशेष आहेत. टिमथी ओ'सलिव्हन याने १८७३ मध्ये लष्करी मोजणी पथकाबरोबर जाऊन त्यांचे छायाचित्र घेतले. ॲन्सेल ॲडम्सने १९४२ मध्ये जवळजवळ त्याच जागेवरून ते पुन्हा घेतले. कड्यावरचे पट्टे, पोत, छायाप्रकाश यांवरील दोघांची हुकमत वादातीत आहे. ही चित्रे पाहणारा काळाच्या अनंततेविषयी बोलू लागतो.

परंतु या दरीला जवळचाही इतिहास आहे. नवाहो लोक येथे मका पिकवीत, पीचच्या बागा राखीत. १८६३-६४ मध्ये किट कार्सनच्या मोहिमेत त्यांची घरे व पिके जाळली गेली, पीचची झाडेही तोडली गेली. हजारो नवाहोंना सुमारे ३०० मैल चालवत न्यू मेक्सिकोतील बॉस्क रेडोंडो येथे नेऊन डांबले. १८६८ च्या तहानंतर ते परतले. ओ'सलिव्हन आला तेव्हा या परतीला अवघी पाच वर्षे झाली होती. त्याच्या चित्रातील बारीक माणसे मोजणी पथकातली आहेत. नवाहोंची छायाचित्रे त्याने निराळी घेतली. दरी 'निसर्ग' म्हणून नोंदली गेली, दरीची माणसे 'जमात' म्हणून.

ॲडम्स संवेदनाशून्य नव्हता. मांझानार छावणीत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांना त्याने १९४३ मध्ये आस्थेने चित्रित केले. पण तेथूनच १९४४ मध्ये घेतलेल्या माउंट विल्यमसनच्या गाजलेल्या चित्रात धोंडे आहेत, शिखर आहे, छावणी नाही. माणूस एका कप्प्यात, सौंदर्य दुसऱ्या!

प्रत्येक डोंगरापुढे माणूस उभा करा, अशी माझी मागणी नाही. चौकट मुळात रिकामी होती की रिकामी केली गेली, एवढे तपासा, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. आपल्या ग्रामीण निसर्गवर्णनांत नदी, देऊळ, आमराई येते आणि वेशीबाहेरची वस्ती गळते, तीही याच दृष्टीमुळे. कॅन्यन डी शेमध्ये आजही नवाहो कुटुंबे शेती करतात. त्यांना वगळून त्या दरीचे सौंदर्यशास्त्र पुरे होत नाही. आपले तरी कसे होईल?