आधी समेट

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून या ग्रंथाचे वाचक दोन तटांत उभे आहेत. एका तटावरील रसिक त्यातील विनोदावर लुब्ध असतात. धर्मांतराची पाने ते परक्या घरात शिरावे तशी, अवघडून चाळतात. दुसऱ्या तटावरील ख्रिस्ती बांधवांना त्यात एका बाईची साक्ष दिसते. विनोद त्यांच्या लेखी तोंडी लावण्यापुरता. दोघेही अर्धेच पुस्तक वाचतात, अशी माझी तक्रार आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन वचने आहेत. पाचव्या अध्यायात येशू सांगतो की, भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे असे वेदीपाशी आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे आणि आधी त्याच्याशी समेट करून यावे. दहाव्या अध्यायात तोच येशू म्हणतो की, आपण शांतता नव्हे तर तलवार घेऊन आलो आहोत. मुलगी आईविरुद्ध, सून सासूविरुद्ध उभी राहील. उपदेशक आपल्या सोयीने एक उचलतो आणि दुसरे झाकून ठेवतो. टिळकांच्या घराला मात्र दोन्ही वचने जगावी लागली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि तलवारीचे वचन आधी खरे झाले. जवळजवळ पाच वर्षे लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन त्यांच्यापासून दूर, काही काळ पंढरपुरात, आप्तांच्या आधाराने राहिल्या. ही पाने वाचताना हसू येते आणि घशात आवंढाही येतो. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, त्या हिंदू म्हणूनच; आपले सोवळे, आपले पाणी सांभाळून. माझ्या मते ग्रंथाचे मर्म येथे आहे. समेट मतैक्यानंतर होत नाही, तो त्याच्या आधी होतो. १९०० मधला लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा ही पुढची गोष्ट. ‘समेट’ हा शब्दच पाहा ना! त्याला देवळाचा वास नाही, चावडीचा आहे. बांधावरून भांडलेले भाऊ करतात तो समेट. मराठी बायबलाने तो उचलला, हे फार चांगले झाले.

त्याहून मोठा पालट त्यांच्या बाप्तिस्म्याच्याही आधीचा आहे. ज्यांच्या वडिलांचे सोवळे वेडाच्या थराला गेले होते, त्या लक्ष्मीबाई जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न स्वतःलाच घालतात, माणसाने केला असे ठरवतात आणि कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागतात. टिळकांच्या वादविवादाने जे साधले नव्हते, ते बाईने आपल्या डोक्याने केले. या प्रसंगाला त्या फारशी जागा देत नाहीत. ज्यांना अंतःकरणातील झुंजीची लांबलचक वर्णने हवी असतात, त्यांची येथे निराशा होईल. माझी झाली नाही.

पण एक आक्षेप नोंदवल्यावाचून राहवत नाही. लक्ष्मीबाईंच्या विनोदाने टिळक फार स्वस्तात सुटतात. त्यांचा तापट स्वभाव, घरातले पैसे वाटून टाकणे, न सांगता निघून जाणे हे सारे गमतीत विरघळते. बाईला आणि मुलाला मागे ठेवून सत्याकडे जाणाऱ्या माणसाकडे कोणाचे काही देणे उरते की नाही? हा हिशेब ग्रंथात मांडलेला आहे. बेरीज मात्र लेखिकेने केलेली नाही. समेटाचा बहुतेक भार ज्याची चूक कमी त्याच्याच खांद्यावर पडतो, हे त्यांना कळत नव्हते असे मला वाटत नाही. कळूनही त्या हसल्या.

टिळक १९१९ मध्ये वारले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणणाऱ्या या कवीचे ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिले होते; मोजकेच अध्याय लिहून झाले होते. उरलेले बहुतांश काव्य लक्ष्मीबाईंनी रचले. लग्नाच्या वेळी ज्यांना लिहितावाचता येत नव्हते, त्यांनी.